पुण्याचा पेशंट

“हे काय आहे, अण्णा?”

मी कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. पिवळंधमक केळं. पहिलीतल्या पोरानं झोपेतही सांगावं असं.

अण्णांनी ते नीट पाहिलं. ओठ जुळवले. कपाळावरची शीर फुगली. “के...” म्हणाले आणि थांबले. “के... के... का...” डावा हात मांडीवर आपटला. “कात्री.”

शब्द बाहेर पडला तशी त्यांनीच मान हलवली. चुकलं हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. कळत सगळं होतं, तेच तर वाईट होतं.

“राहू दे. पुन्हा बघू या,” मी म्हणाले.

त्यांनी टेबलावरच्या रेकॉर्डरकडे बोट केलं. त्याचा लाल दिवा चालू होता. “को... कोण... ऐ...” कानाला हात लावून त्यांनी प्रश्न पुरा केला.

“फक्त जेऊरकर मॅडम ऐकणार. आणि मी. तिसरं कुणी नाही.”

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग पाठ सरळ करून, वर्गात फळ्याकडे वळत तसे, ते पुन्हा कार्डाकडे वळले.

ही २००९ सालची गोष्ट. माझे वडील त्र्यंबक सुरवसे बार्शीत बत्तीस वर्षं मराठी शिकवत होते. तालुक्यात कुठेही वक्तृत्व स्पर्धा असली की पहिला नंबर सुरवसे सरांच्या पोराचा, हे ठरलेलं. ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक समजावताना ते पोरांना जिभेचं टोक बोटानं दाखवायला लावत. रस्त्यात कुणी ‘पानी’ म्हणालं तर सायकलवरून उतरून ‘पाणी’ म्हणायला लावणारा माणूस. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, अंघोळीहून येताना ते कोसळले. उजवं अंग आठवड्याभरात बरंचसं परत आलं, हात तेवढा अधू राहिला, पण वाचा गेली ती गेली. समजायचं सगळं, तोंडात मात्र काही यायचं नाही.

सोलापूरच्या वाचोपचार करणाऱ्या जेऊरकर मॅडमनी व्यायाम लावून दिले. रोज चार वाजता एक तास. चित्रांची कार्डं, आकडे, वार, महिने. “प्रत्येक बैठक रेकॉर्ड करून आणा, प्रगती ऐकूनच कळते,” असं त्यांनी बजावलं होतं. मी पुण्यात जाहिरातींच्या फिल्मना आवाज द्यायचं, म्हणजे पावलं, दारं, पाऊस असले आवाज जमवायचं काम करत होते. लग्न केलेलं नव्हतं, काम घरून होण्यासारखं होतं, म्हणून मी बार्शीला येऊन राहिले. अण्णा आजारानंतरच्या आठ महिन्यांत सोलापूरला जाण्याखेरीज घराबाहेर पडले नाहीत. कुणी भेटायला आलं की ते डोळे मिटून पडून राहत. ते बोलत फक्त आईशी आणि माझ्याशी. आईशी थोडं. माझ्याशी चार ते पाच.

त्याच सुमाराला पुण्यातल्या एका संस्थेनं मला एक काम दिलं. आपल्या गावातल्या सार्वजनिक बागेत पंधरा दिवसांसाठी आवाजांची मांडणी करायची. झाडांवर स्पीकर लावायचे, लोकांनी बागेत फिरता फिरता ऐकायचं. स्वतःच्या नावावरचं असं माझं ते पहिलंच काम. नगरपालिकेच्या बागेची परवानगी संदीपान घोलप वकिलांनी मिळवून दिली. ते अण्णांचे विद्यार्थी. नववीत असताना राज्यपातळीवरच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिले आले होते आणि ते श्रेय त्यांनी आजतागायत स्वतःकडे घेतलेलं नव्हतं.

“वृषाली, झाडांना बोलायला लावणार म्हण की तू,” ते हसून म्हणाले. “सरांची लेक शोभतेस.”

मी गावभर फिरले. मोंढ्यातला धान्याचा लिलाव टिपला, सुपात पाखडली जाणारी ज्वारी टिपली, पिठाच्या गिरणीचा पट्टा, लोहाराचा भाता, शाळा सुटतानाचा गलका. अठरा स्पीकर झाडांवर चढवले, वायरी फांद्यांआड दडवल्या. उद्‌घाटनाच्या चार दिवस आधी मी एकटी बागेतून चक्कर मारली. सगळे आवाज चांगले होते, स्वच्छ होते. पण थांबून ऐकावं असं त्यात काही नव्हतं. गिरणी ऐकायला बागेत कोण येईल? गिरणी पलीकडच्या गल्लीत होतीच.

घरी येऊन मी जेऊरकर मॅडमसाठी त्या आठवड्याची रेकॉर्डिंग काढायला बसले. कानाला हेडफोन लावले. “च...” अण्णांचा श्वास. खुर्चीचा करकर आवाज. “चम... चम... च...” पुन्हा श्वास, लांबलचक. मग अगदी खालच्या पट्टीत, स्वतःवरच चिडून सोडलेला हुंकार. मी उठू शकले नाही. जे मी अठरा झाडांवर शोधत होते, ते इथे होतं.

दोन दिवस मी त्यावर काम केलं. आठ महिन्यांतून अकरा मिनिटं काढली. माझे प्रश्न कापले, “शाबास” कापलं, “राहू दे” कापलं. उरला फक्त एक माणूस, शब्दाच्या दारात उभा, आत पाऊल टाकता न येणारा. कारंज्याजवळच्या मोठ्या शिरीषाच्या झाडावर तो आवाज लावला. अण्णांना विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं. विचारलं तर नाही म्हणतील, हेही आलं. ते बागेत येणार नाहीत, हे तर मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच संध्याकाळी शिरीषाखाली गर्दी झाली. बाकीच्या झाडांखाली लोक हसत, ओळखीचे आवाज ओळखत पुढे सरकायचे. इथे थांबायचे. बायका पदर तोंडाशी धरून उभ्या राहायच्या. गावात “बोलणारी झाडं” असं त्याचं नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरांचा एक घोळका आला. शिरीषाखालच्या कठड्यावर बसून त्यांनी खेळ सुरू केला. वरून “के... के...” आलं की सगळ्यांनी एकदम ओरडायचं, “कात्री!” आणि एकमेकांच्या अंगावर पडून खिदळायचं. मी दहा पावलांवर होते. त्यांना हटकायचं सोडून मी पिशवीतून रेकॉर्डर काढला आणि त्यांचा खेळ टिपून घेतला. लोक कामात सहभागी होत आहेत, असं अहवालात लिहिता येईल म्हणून.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून संस्थेच्या पालेकर बाई आल्या. केस पांढरेशुभ्र, पायात साध्या चपला, बोलणं मोजकं. त्यांना घेऊन मी फाटकापासून सुरुवात केली. ज्वारीच्या आवाजापाशी त्या रेंगाळल्या, मला बरं वाटलं. तेवढ्यात फाटकाशी घोलप वकिलांची गाडी थांबली. आधी आई उतरली. मग वकिलांनी मागचं दार उघडून हात पुढे केला, आणि त्या हाताला धरून अण्णा खाली उतरले.

मी मागे वळून कारंज्याकडे पाहिलं.

त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटलेला होता.

“स्वतः दाढी केली त्यांनी,” आई माझ्या कानाशी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. “डाव्या हातानं. घोलप आले नि म्हणाले, सर, लेकीचं काम बघायला चला. मला वाटलं डोळे मिटून घेतील. तर उठून उभेच राहिले. कपाटातून शर्ट काढून दाखवला मला.”

“मला आधी सांगायचं नाही का!”

“अगं, तुला आनंद होईल म्हणून नाही सांगितलं.”

अण्णा काठी टेकत माझ्यापर्यंत आले. पालेकर बाईंना त्यांनी डाव्या हातानं नमस्कार केला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग चालायला लागले. मोंढ्याच्या लिलावापाशी ते हसले. गिरणीच्या आवाजापाशी त्यांनी आईला काठीनं दिशा दाखवली, आपल्याच गल्लीतली गिरणी म्हणून. शाळेच्या गलक्यापाशी ते कितीतरी वेळ डोळे मिटून उभे राहिले, पण हे डोळे मिटणं वेगळं होतं. लोक दुरून बघत होते. सुरवसे सर बाहेर पडले म्हणून दोघं-तिघं जवळ आले, पाया पडले. अण्णांनी एकालाही टाळलं नाही.

“चला, इकडून जाऊ,” मी त्यांचा दंड धरला. “कारंज्याकडे चिखल झालाय.”

“कसला चिखल?” घोलप वकील म्हणाले. “अहो, खरी गंमत तर तिकडेच आहे. सर, ते ऐकल्याशिवाय जायचं नाही. काल मी अर्धा तास बसलो होतो तिथं.”

“त्यांना दम लागेल, काका.”

“बाक आहे की बसायला. या, सर.”

अण्णा निघाले. मी मागून गेले. आजही त्या पन्नास पावलांची मला लाज वाटते. तेवढ्या वेळात मी धावत जाऊन वायर उपटू शकले असते. पण पालेकर बाई सोबत होत्या.

शिरीषाखाली पंधरावीस माणसं होती. कठड्यावर कालचीच पोरं. आम्ही पोचलो तेव्हा वर शांतता होती. नुसता श्वास ऐकू येत होता. मग सुरू झालं. “च... चम... चम...”

अण्णांचा हात काठीवर घट्ट झाला. त्यांनी मान वर करून पानांत पाहिलं. कुठून येतंय ते शोधत होते, की कुणाचं आहे ते, कळलं नाही. मग “के... के...” आलं, आणि कठड्यावरून पोरांनी सूर धरला, “कात्री! कात्री!”

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. अण्णांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. ते पोरांकडे बघत होते.

“ए, गप्प बसा रे!” घोलप वकील ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “ऐकलंत, सर? अंगावर काटा येतो. पण कुणाचा आहे हा आवाज, वृषाली? आपल्या गावातला वाटत नाही.”

ज्या माणसाच्या प्रत्येक अक्षरावर ते वाढले होते, त्याचा आवाज त्यांना ओळखू आला नव्हता.

“मीही तेच विचारणार होते,” पालेकर बाई म्हणाल्या. “या मांडणीचा जीव इथे आहे. कोण आहेत हे?”

आता अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शिक्षक उत्तराची वाट बघतो, तसं.

“पुण्याचा एक पेशंट आहे,” मी म्हणाले. “हॉस्पिटलमधला. नाव मला माहीत नाही.”

“बिचारा,” घोलप वकील म्हणाले.

वर अण्णा अडखळत होते. खाली अण्णा उभे होते. मग त्यांनी काठी बाकाला टेकवली आणि दोन्ही पायांवर तोल सावरला. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली.

“मा...” ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. कठड्यावरचं एक पोरगं सवयीनं “मा, मा” करायला लागलं, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

“मा... मा...”

“काय हवंय, सर?” घोलप वकील पुढे झाले. “पाणी?”

अण्णांनी हातानं त्यांना थांबवलं. डोळे मिटले, श्वास घेतला. ओठ जुळवले. आणि वर झाडाकडे बोट करून, ‘झ’वर अजिबात न घसरता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

“माझा.”

घोलप वकिलांनी झाडाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू कोसळत गेला. ते खाली वाकले आणि त्यांनी भर बागेत सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

अण्णा निघून गेले नाहीत. बाकावर बसले आणि अकराच्या अकरा मिनिटं त्यांनी ऐकली. लोक त्यांच्याभोवती उभे राहिले. पोरं कठड्यावरून उतरून जमिनीवर बसली. संपल्यावर ते उठले, वकिलांचा हात धरून गाडीकडे गेले. मी दोन पावलं मागून चालले. त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं नाही आणि लावलंही नाही. ते वकिलांनी लावलं.

पालेकर बाई म्हणाल्या, “तुम्ही आम्हाला आधीच का नाही सांगितलंत?” त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग त्या कामाच्या आवाजात म्हणाल्या, “ते काढू नका. आता तर नाहीच.”

मी काढलं नाही. घरी जाऊन अण्णांना विचारलं, “काढू का?” त्यांनी डावा तळवा उताणा केला, तुझं तू बघ, अशा अर्थानं. मी त्याला परवानगी समजले. पुढचे बारा दिवस गावातून, तालुक्यातून त्यांचे विद्यार्थी येत राहिले. सरांचा आवाज ऐकून शिरीषाखाली रडत बसले. वर्तमानपत्रात आलं. त्या कामानं मला पुढची सगळी कामं मिळवून दिली.

आणि अण्णा बाहेर पडायला लागले. रोज सकाळी बागेपर्यंत, मग बाजारापर्यंत. आता लपवायला काही उरलं नव्हतं. “तुझ्यामुळं सर माणसात आले,” असं लोक मला सांगायचे. मी मान डोलवायचे. मुलाखतींतही मी तेच सांगितलं आहे, पुण्याच्या पेशंटचं वाक्य वगळून.

बागेतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता मी कार्डं घेऊन त्यांच्यापुढे बसले. रेकॉर्डर आणला नव्हता. मी कार्ड वर धरलं. अण्णांनी ते माझ्या हातून अलगद काढून घेतलं, गठ्ठ्यात ठेवलं, आणि गठ्ठा आईच्या दिशेनं सरकवला.

“अण्णा, माझं चुकलं,” मी म्हणाले. “मला माफ करा.”

“हो,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “जेव.”

राग वगैरे काही नव्हता. कामं वाढली तशी मी पुण्याला परतले; तिथून आले की अण्णा दारात उभे असत. “ये,” म्हणत. “बस.” “कशी?” “बरं.” निघताना “नीट जा.” मला वाटायचं, एवढंच त्यांना येतं. आजार आहे, जास्त बोलणं होत नाही. अशी नऊ वर्षं गेली.

ते गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. घोलप वकिलांनी बागेतला प्रसंग सांगितला. “वृषालीनं आवाज कुणाचा ते...” इथवर येऊन ते थांबले, समोर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “असो. आम्ही विचारलं, आणि सर म्हणाले, माझा.” मी मान खाली घातली.

मग एकेक जण उठला. किराणा दुकानदार म्हणाला, “‘शेंगदाणे’ म्हणायला सरांना दोन मिनिटं लागायची. मी पुडी आधीच बांधून ठेवायचो, पण त्यांचं होईपर्यंत द्यायचो नाही. जमलं की दोघं टाळी द्यायचो.” सलूनवाला म्हणाला, “सर मला गोष्ट सांगायचे. एक गोष्ट चार कटिंगला पुरायची.” त्या दिवशी कठड्यावर बसलेल्या पोरांपैकी एक आता कॉलेजात होता. तो म्हणाला, “आम्ही दर रविवारी त्यांच्याकडे बसायचो. ते चुकायचे, आम्ही हसायचो, तेही हसायचे. मग म्हणायचे, आता तू म्हण.”

सगळे हसत होते, डोळे पुसत होते. प्रत्येकाजवळ अण्णांची एखादी चूक होती, जपून ठेवलेली. अडकलेला शब्द, भलताच निघालेला शब्द, अर्ध्यात सोडलेलं वाक्य. मी माझ्यापाशी शोधत बसले. ये, बस, जेव, हो, नको, बरं, उद्या. पंचवीस असतील, फार तर तीस शब्द. एकेक घासूनपुसून लख्ख केलेला, आईसमोर शंभरदा म्हणून पक्का झाल्यावरच माझ्यासमोर आणलेला.

“ताई, तुम्ही पण काही सांगा ना,” त्या मुलानं माईक माझ्याकडे दिला. “तुमच्याशी बोलताना कुठं अडायचे सर?”

मी उभी राहिले. खोटं सांगण्याजोगा एकही शब्द मला सुचला नाही.

“माझ्याशी,” मी म्हणाले, “माझ्याशी अण्णा त्यानंतर एकदाही अडखळले नाहीत.”

लोकांना ते फार आवडलं. टाळ्या वाजल्या.